थंडी वढ्याला असती

साताऱ्याचे डोंगर बघायला माणसं पावसाळ्यात येतात. ठोसेघरचा धबधबा, कासची फुलं, यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात मक्याचं कणीस. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कणीसवाल्यांची चार पैशांची सोय होते. पण जून ते सप्टेंबर आमचा डोंगर दिसतच नाही. दिसतो तो ढग, आणि ढगातून अधूनमधून एखाद्या कड्याचा तुकडा. लोक भिजतात, निसरड्यावर आपटतात, फोटो काढतात आणि 'काय डोंगर होता' म्हणत घरी जातात.

डोंगर खरा उघडा पडतो दिवाळी उरकल्यावर. फराळाच्या डब्यात तळाला चिवड्याचा चुरा उरलेला असतो, तुळशीचं लग्न लागून गेलेलं असतं, उसाच्या फडात तोडणीच्या टोळ्या उतरलेल्या असतात. गवत हिरव्याचं पिवळं व्हायला लागतं आणि कातळाचे एकावर एक रचलेले थर लांबूनही मोजता येतात. हा सगळा लाव्हारसाचा दगड, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. एक लोट आला, थंड झाला, त्यावर दुसरा आला. म्हणून तर आमच्या डोंगरांना पायऱ्या आहेत, आणि सर्वांत वरच्या पायरीचा कडा तासायची फारशी गरज न पडता राजांना किल्ले मिळाले. पावसाळ्यात हे काही कळत नाही. मार्गशीर्षात सहज कळतं.

यंदा भाचा पुण्याहून सुट्टीला आला होता. इंजिनिअरिंगला आहे. ट्रेकिंगचे बूट नवे, उत्साह नवा. त्याला वासोट्याला जायचं होतं. वासोटा उत्तमच, पण त्याला बामणोली गाठा, वन खात्याची परवानगी काढा, शिवसागरातून लाँचनं पलीकडे जा आणि संध्याकाळच्या आत परत या, असा सगळा दिवस घड्याळाशी बांधलेला. मला हिवाळ्याच्या तोंडाशी असं बांधलेलं चालायला आवडत नाही. म्हटलं, कल्याणगडाला जाऊ. त्याला नाव ठाऊक नव्हतं. साताऱ्यातल्याही अर्ध्या लोकांना ठाऊक नसतं. नांदगिरीचा किल्ला म्हटलं की मग कोरेगावकडची माणसं मान हलवतात.

"मामा, वर जास्त गार असेल ना? जॅकेट घेऊ का दोन?"

म्हटलं, घे.

पहाटे मोटारसायकलवर निघालो. साताऱ्यातून कोरेगावच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात माहुली येते. कृष्णा आणि वेण्णेचा संगम, काठावरची दगडी देवळं, आणि नदीवरचा पूल. नोव्हेंबरच्या पहाटे या पुलावरून दुचाकीनं गेलेल्या माणसाला मी काय सांगतोय ते लगेच कळेल. पुलाच्या अलीकडे बरा गारवा असतो, सोसण्यासारखा. रस्ता नदीकडे उतरतो आणि अचानक गारठ्याचा झपका बसतो. गुडघे, बोटांची पेरं, कानाच्या पाळ्या एकदम बधिर. पूल ओलांडून चढाला लागलं की पुन्हा जीवात जीव. पुढे प्रत्येक ओढ्याच्या मोरीवर हेच. भाचा मागून ओरडत होता, "इथेच इतकं, तर वर काय होईल!"

सातारा रोडला चहा घेतला. कूपरच्या कारखान्यामुळं हे गाव नावारूपाला आलं. लोखंडी नांगर आणि इंजिनं बनवणारे धनजीशा कूपर 1937 साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, होते, हे मी भाच्याला सांगितलं. त्यानं फोनवर तपासून घेतलं. हल्लीच्या मुलांना मामाचा शब्द पुरत नाही, आणि ते बरंच आहे.

नांदगिरीच्या पायथ्याला पोचलो तेव्हा उजाडलं होतं, पण सूर्य डोंगराच्या पलीकडेच होता. गावातल्या चुली पेटलेल्या. मी भाच्याला तिथंच थांबवलं, कारण दाखवण्यासारखी गोष्ट समोर होती. घराघरातून धूर निघत होता, सरळ वर जात होता, आणि झाडांच्या शेंड्यांच्या थोडा वर गेल्यावर आडवा होत होता. सगळ्या गावाचा धूर एकाच उंचीवर जाऊन एका पातळ निळ्या पट्ट्यात पसरलेला. वारा नावाला नाही. लांबवर रेल्वेचं भोंगं वाजलं आणि ते इतकं जवळ वाटलं की भाच्यानं रूळ कुठं आहेत म्हणून मागं वळून पाहिलं. रूळ मैलोगणती लांब होते.

वाट सुरुवातीला बोराटी आणि घाणेरीच्या झुडपांतून जाते, मग उघड्या गवताळ उतारावर येते. उतारावर गवत कापणं चाललं होतं. कापलेलं गवत ओळीनं आडवं पडलेलं, त्यावर दव. एक मावशी कमरेला ओढणी बांधून विळा चालवत होत्या. आम्हांला बघून उभ्या राहिल्या.

"पाण्यातल्या देवाला चाललाय?"

"होय मावशी."

"मग ही येवढाली जाकिटं कशापायी? भिजंल की घामानं."

भाचा म्हणाला, "वर थंडी असेल ना."

मावशी हसल्या. विळ्याच्या टोकानं त्यांनी खाली ओघळीकडं दाखवलं. "थंडी वढ्याला असती. डोंगराला न्हाय. जरा वर जावा, मग कळंल."

मी गप्प होतो. दुसरं जॅकेट घे म्हणालो होतो तेव्हाही मला हे माहीत होतं. पण काही गोष्टी मामानं सांगून उपयोग नसतो.

आणि खरंच, पाव तास चढलो असू, हवा बदलली. चालल्यानं अंग तापतं ते वेगळं. आम्ही थांबलो, श्वास खाली बसू दिला, तरी गार वाटेना. तोंडातून निघणारी वाफ बंद झालेली. गवतावरचं दव विरळ झालं. पायथ्याला बूट ओले होत होते, इथं गवत कोरडं करकरीत. भाच्यानं एक जॅकेट काढलं, मग दुसरं, आणि इंजिनिअरिंगच्या मुलाच्या चेहऱ्यावर जो प्रश्न यायला हवा तो आला.

उत्तर आकाशात असतं. ऑक्टोबरात मोसमी पाऊस महाराष्ट्रातून परततो आणि आभाळ निवळतं. पावसाळ्यात ढगांचं पांघरूण असतं तोवर जमिनीची ऊब रात्री निसटत नाही. पांघरूण गेलं की रात्रभर जमीन आपली उष्णता उघड्या आभाळाकडं फेकत राहते आणि गार पडते. तिला चिकटलेली हवाही गार होते. गार हवा जड असते. जड हवा डोंगराच्या उतारावरून हळूहळू खाली घसरते, ओघळीतून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीच्या पात्रात जाऊन साठते. तिच्या वर उरते ती उबदार हवा. म्हणजे दिवसा जे असतं त्याच्या नेमकं उलट, वर ऊब आणि खाली गारठा. चुलीचा धूर या दोन हवांच्या सांध्यापाशी येऊन अडतो आणि आडवा होतो. लांबचा आवाजही त्या उबदार थराला लागून पुन्हा जमिनीकडं वळतो, म्हणून रेल्वे जवळ वाटते. माहुलीच्या पुलावरचा झपकाही तिथलाच.

भाचा म्हणाला, "मग महाबळेश्वरला बर्फ कसा पडतो?"

हा प्रश्न मला अपेक्षित होता. साताऱ्याचा माणूस दर डिसेंबर-जानेवारीत वर्तमानपत्रात तो फोटो बघतोच. महाबळेश्वरला दवबिंदू गोठले, गाड्यांच्या टपावर पांढरा थर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर हिमकण. आता तो फोटो कुठला असतो ते आठवा. वेण्णा लेकचा किंवा लिंगमळ्याचा. दोन्ही सखल जागा. ज्या पॉइंटांवर पर्यटक कानटोपी घालून सूर्योदय बघत कुडकुडतात, तिथल्या कड्यावर दव गोठल्याची बातमी सहसा येत नाही. गोठतं ते पाण्याकाठच्या खोलगट जागेत. शिवाय तो आभाळातून पडलेला बर्फ नसतोच, जागच्या जागी गोठलेलं दव असतं. महाबळेश्वर उंच आहे म्हणून एकंदरीत थंड आहे हे खरं, पण तिथंही पहाटेची सगळ्यांत बोचरी थंडी वढ्यालाच असते. मावशींचं वाक्य तेराशे मीटरवरसुद्धा लागू पडतं.

शेतकऱ्याला हे पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. ओढ्याकाठचं रान काळं, कसदार, पण थंडीत नाजूक पीक तिथं आधी करपतं. जरा चढाचं रान हलकं असलं तरी सुटतं. आमच्या आजोबांच्या पिढीत घरंही नदीला अगदी चिकटून न बांधता थोडी वर बांधायची पद्धत होती. पुराची भीती हे मोठं कारण. थंडीचंही असावं असा माझा एक तर्क आहे, त्याला पुरावा विचारू नये.

असाच आणखी एक तर्क. 1699 च्या डिसेंबरात औरंगजेब साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसला. एक्याऐंशी वर्षांचा बादशहा, छावणी खाली करंज्याला, आणि किल्ल्यावर प्रयागजी प्रभू मूठभर माणसांनिशी. वेढा एप्रिल 1700 पर्यंत चालला. इतिहासात सुरुंग, बुरूज आणि फितुरीची चर्चा होते, व्हायलाच हवी. पण करंजे आज साताऱ्याचाच भाग आहे, आणि तिथल्या डिसेंबरच्या पहाटेचा मला अनुभव आहे. माझ्या मनात नेहमी येतं, त्या पहाटे खाली तंबूत दिल्लीपतीचे दात वाजत असताना वर तटावरच्या मावळ्याला नुसती घोंगडी पुरत असेल.

पहिल्या दरवाजापाशी आलो. कल्याणगड समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फुटांच्या आसपास. बांधकाम शिलाहार राजा दुसरा भोज याच्याकडं जातं, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीस. आमच्या भागातले निम्मे किल्ले याच राजाच्या नावावर आहेत. 1673 च्या सुमारास शिवाजी महाराजांकडं आला, 1818 साली इंग्रजांनी घेतला. एवढं सांगून इतिहास संपवतो, कारण या गडाचा खरा ऐवज दरवाजाच्या आत डाव्या हाताला खाली उतरल्यावर आहे.

कड्याच्या पोटात एक गुहा आहे. तोंड लहान. आत काळोख, आणि सगळी जमीन म्हणजे पाणी. आधाराला लोखंडी पाइप लावलेला आहे, त्याला धरून पाण्यातून चालत जायचं. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत पाणी चांगलं मांडीला लागतं. बूट काढले, पँटी वर सरकवल्या, त्याचा काही उपयोग होणार नव्हता तरी. टॉर्च लावला. पाइप हाताला बुळबुळीत लागत होता, गार. मी पहिलं पाऊल टाकलं आणि भाच्याकडं बघत राहिलो.

त्यानं दात आवळून पाय पाण्यात बुडवला. मग दात सोडले. "गरम आहे!"

गरम नव्हे. कोमटही म्हणवत नाही. पण बाहेरच्या पहाटेच्या मानानं ते पाणी अगदी माणसात आल्यासारखं होतं. चैत्रात याच पाण्यात पाय टाकला की हाडांपर्यंत गारवा जातो. पाणी बदलत नाही, आपण बदलतो. डोंगराच्या इतक्या आत ऋतू पोचतच नाहीत. खडक वर्षभराच्या उन्हाची आणि थंडीची सरासरी धरून बसलेला असतो. म्हणून उन्हाळ्यात तो गार आणि हिवाळ्यात उबदार. आपल्याकडं विहिरीचं पाणी थंडीत पहाटे वाफाळतं तेही याचमुळं. ज्यांनी पहाटे विहिरीवर अंघोळ केली आहे त्यांना ती सुखाची गोष्ट आठवत असेल. बादलीतून अंगावर घेईपर्यंत स्वर्ग, आणि मग टॉवेल सापडेपर्यंत नरक.

आत जाताना तळाचा दगड पायाला कळतो. मध्येच खाच, मध्येच गुळगुळीत. पाण्याचा आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि आपल्या मागून कोणीतरी चालतंय असं वाटतं. डोक्यावरून वटवाघूळ गेलं. भाचा काही बोलला नाही, पाइप मात्र दोन्ही हातांनी धरला. शेवटाला कोरड्या जागी देव आहेत. पार्श्वनाथ, पद्मावती आणि दत्त. तीर्थंकर आणि त्रिमूर्ती शेजारी शेजारी, त्यांच्यापुढं विझलेल्या उदबत्त्या आणि कुणी वाहिलेली झेंडूची फुलं. जैन येतात, दत्तभक्त येतात, नांदगिरीचे लोक येतात. इथपर्यंत मांडीभर पाण्यातून यायचं असल्यानं भांडायला सहसा कोणी येत नाही. टॉर्च क्षणभर बंद केला. डोळे उघडे की मिटलेले हे समजत नव्हतं. भाचा म्हणाला, "मामा, लाव."

वर माथ्यावर फार काही नाही. देवळं आहेत, तळं आहे, पडके चौथरे आहेत, गवत आहे. पण कडेला जाऊन बसलं की साताऱ्याचा अर्धा जिल्हा समोर मांडलेला असतो. दक्षिणेला जरंडेश्वर, डोक्यावर झाडीचा गर्द पुंजका. द्रोणागिरी नेताना मारुतीच्या हातून पडलेला तुकडा म्हणजे हा डोंगर, अशी कथा आहे, आणि म्हणून तिथं औषधी वनस्पती. नैऋत्येला अजिंक्यतारा आणि त्यामागं यवतेश्वर. उत्तरेला चंदन-वंदन ही जोडी, वायव्येला वैराटगड. त्या पहाटे हे सगळे फक्त माथ्यानं दिसत होते. मधली सगळी खोरी धुक्यानं भरली होती, आणि धुक्याची वरची पातळी अगदी सपाट, पाटाच्या पाण्यासारखी. आपण थंडीच्या बाहेर चढून आलोय हे डोळ्यांना दिसत होतं. कोरेगाव, कृष्णा, माहुलीचा पूल, मावशींचं गवत, सगळं त्या पातळीच्या खाली.

शिळी बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही काढलं. थंडीत बाजरी, हा आमच्याकडं नियम. भाच्यानं पिशवीतून प्रोटीन बार काढला, माझ्याकडं बघितलं आणि परत ठेवला.

ऊन चढलं तसं धुकं कडेकडेनं फाटायला लागलं. आधी चढाची रानं उघडी पडली, सगळ्यांत शेवटी ओढे. दहाच्या सुमारास पूर्वेकडं खटाव-माणच्या दिशेला बघितलं तर माळ उघडे तपकिरी, आणि पश्चिमेला घाटमाथ्याच्या कडेला अजून हिरवी झाक. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात माणमध्ये पाचशेच्या आगेमागे. कल्याणगड मध्ये उभा. पावसाळ्यात हा फरक हिरव्या रंगाखाली दडतो, सगळीकडं सारखंच वाटतं. गवत वाळायला लागलं की कुणाच्या वाट्याला किती पाणी आलं याचा हिशेब रंगावरून वाचता येतो. माणचा माणूस साताऱ्यात येऊन पावसाळी पर्यटनाच्या जाहिराती बघतो तेव्हा त्याला काय वाटत असेल, हे मला कडेला बसल्यावर नेहमी आठवतं आणि खाली उतरल्यावर सोयीस्कर विसरायला होतं.

उतरताना भाच्याचे नवे मोजे कुसळांनी भरले. कुसळी गवत या दिवसांत तयार होतं. त्याचं बी टोकदार, आणि मागं बोटभर लांब, पीळ पडलेलं शेपूट. तो वैतागून उपटत होता. मी एक कुसळ त्याच्या तळहातावर ठेवलं आणि पाण्याचा थेंब टाकला. क्षणभर काही नाही. मग शेपटीचा पीळ उलगडायला लागला आणि कुसळ तळहातावर आपोआप गरगर फिरायला लागलं, सावकाश, पण नजरेला दिसेल इतकं. ओलं झालं की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो. रात्री दव, दिवसा ऊन. रोज एकदा असं आणि एकदा तसं फिरत ते बी स्वतःला जमिनीत स्क्रूसारखं रुतवून घेतं. पुढच्या पावसाला ते तयार पेरलेलं असतं. ज्या दवानं पहाटे आमचे बूट भिजवले, त्यावर या गवताची पेरणी चालते. भाच्यानं तीन-चार कुसळांवर प्रयोग केला, व्हिडिओ काढला, मित्रांना पाठवला. वासोट्याचं नाव त्यानं नंतर काढलं नाही.

मावशींचे भारे बांधून झाले होते. जाकिटं कमरेला बांधून येणाऱ्या आम्हांला बघून त्या काही बोलल्या नाहीत. एका भाऱ्याला हात लावा म्हणाल्या. भाच्यानं उचलून डोक्यावर दिला आणि त्याच्या शर्टाचीही कुसळांनी भरणी झाली. कोरेगावच्या रस्त्याला एक गुऱ्हाळ लागलं, तिथं चुलाणाजवळ उभं राहून गरम काकवी बोटानं चाटली. दुपारचं ऊन इतकं होतं की चुलाण नको वाटत होतं.

तो पुण्याला गेला. चार दिवसांनी ताईचा फोन. वॉशिंग मशीनमधून अजून कुसळं निघतायत, तिच्या साड्यांत, टॉवेलात, उशांच्या अभ्र्यांत. कुठं घेऊन गेला होतास त्याला?

मी म्हटलं, ती पाण्यात फिरतात अगं, रुतून बसतात, त्याला विचार.

"विचारलं," ताई म्हणाली. "अर्धा तास समजावून सांगितलं त्यानं. आता पुढच्या वेळी त्याचे कपडे तुझ्याकडंच धुऊन पाठव."